गर्भवतीला संशोधनातून वगळू नका, तिचे हक्क कायद्यात लिहा

सप्टेंबर २००२ ते डिसेंबर २००५ या काळात बेळगाव जिल्ह्याच्या ग्रामीण भागात १,६२० बाळंतिणींचा समावेश असलेली एक चाचणी झाली. बाळ जन्मल्याबरोबर सुमारे निम्म्या स्त्रियांना मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या आणि उरलेल्यांना तशाच दिसणाऱ्या, पण औषध नसलेल्या गोळ्या देण्यात आल्या. गोळ्या देण्याचे काम डॉक्टरांनी केले नाही, ते गावपातळीवरच्या सहायक परिचारिकांनी केले. बाळंतपणानंतरच्या अतिरक्तस्रावाचे प्रमाण औषध नसलेल्या गटात १२ टक्के होते, तर औषध मिळालेल्या गटात ते ६.४ टक्के भरले. हे निष्कर्ष २००६ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले आणि २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने याच कारणासाठी मिसोप्रोस्टॉलचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. जिथे सलाईन नाही, फ्रिज नाही, डॉक्टर नाही, अशा ठिकाणी बाळंत होणाऱ्या जगभरातल्या स्त्रियांना त्याचा लाभ झाला.

या कामाला पैसा पुरवणाऱ्यांत अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेचा, म्हणजे एनआयएचचा, मोठा वाटा होता. तिच्या बाल आरोग्य विभागाने उभारलेल्या आंतरराष्ट्रीय जाळ्यात बेळगावचे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय दोन दशकांहून अधिक काळ सहभागी राहिले. अपुऱ्या दिवसांची बाळंतपणे टाळण्यासाठी ॲस्पिरिनच्या लहान मात्रेची चाचणी सहा देशांतील ११,९७६ स्त्रियांवर झाली आणि तिचे निष्कर्ष २०२० साली आले. प्रसूतीच्या कळा सुरू असताना ॲझिथ्रोमायसिनची एकच मात्रा देण्याची चाचणी सात देशांतील २९,२७८ स्त्रियांवर झाली आणि तिचे निष्कर्ष २०२३ साली आले. या दोन्हींत आपला जिल्हा होता. प्रसूतिशास्त्राच्या जागतिक ज्ञानात या जिल्ह्यातल्या बायकांनी घातलेली भर एवढी मोठी आहे, आणि तरीही संशोधनात सामील होणाऱ्या गर्भवतीला आणि तिच्या नवजात बाळाला नेमके कोणते कायदेशीर हक्क आहेत, हा प्रश्न आपल्याकडे सार्वजनिक चर्चेत जवळजवळ कधीच येत नाही.

मी संशोधनाच्या विरोधात लिहीत नाही, हे आधीच स्पष्ट करतो. ‘पोटुशा बाईवर प्रयोग नकोत’ हे वाक्य ऐकायला दयाळू वाटते, पण त्याचे परिणाम दयाळू नसतात. कोविडच्या लशींच्या मुख्य चाचण्यांतून गर्भवतींना वगळले गेले. भारतात १६ जानेवारी २०२१ रोजी लसीकरण सुरू झाले. गर्भवतींना लस देण्याची परवानगी मिळाली ती २ जुलै २०२१ रोजी. मधल्या काळात दुसरी लाट येऊन गेली होती. चाचणीतल्या जोखमीपासून आपण त्यांना वाचवले आणि माहितीविना साथीच्या तोंडी दिले. थॅलिडोमाइडचे उदाहरण वगळण्याच्या बाजूने नेहमी दिले जाते, पण ते नीट पाहिले तर उलटीच गोष्ट सांगते. गेल्या शतकात पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस ते औषध गरोदरपणातील त्याच्या सुरक्षिततेची पुरेशी तपासणी न करता विकले गेले. हजारो मुले अवयवांत व्यंग घेऊन जन्मली ती काटेकोर चाचणीमुळे नव्हे, तर काटेकोर चाचणीच्या अभावामुळे.

जी जोखीम घ्यायलाच हवी, ती कोणाच्या खांद्यावर, कोणत्या अटींवर आणि कोणाच्या हमीवर घ्यायची, हे मात्र ठरले पाहिजे. ही जोखीम किती खरी असते, हे समजून घ्यायला बेळगावचाच समावेश असलेली आणखी एक चाचणी पाहावी लागेल.

अपुऱ्या दिवसांत बाळंत होण्याची शक्यता असलेल्या स्त्रीला स्टेरॉइडची इंजेक्शने दिली तर बाळाची फुप्फुसे लवकर परिपक्व होतात, हे श्रीमंत देशांतल्या रुग्णालयांत सिद्ध झालेले ज्ञान आहे. तेच ज्ञान गावोगावच्या आरोग्य केंद्रांपर्यंत नेले तर हजारो बाळे वाचतील, अशा विचाराने सहा देशांत एक मोठी चाचणी आखली गेली. भारतातली तिची दोन केंद्रे बेळगाव आणि नागपूर ही होती. तिच्यात एकेका स्त्रीची नव्हे, तर अख्ख्या परिसरांची चिठ्ठ्या टाकून विभागणी झाली: काही परिसरांत इंजेक्शनांचा वापर वाढवायचा, काहींत नेहमीचीच सेवा चालू ठेवायची. जवळपास एक लाख जन्मांची नोंद झाली. २०१४ च्या अखेरीस निष्कर्ष आले तेव्हा ज्या परिसरांत वापर वाढवला होता तिथे नवजात बालकांचे मृत्यू कमी न होता वाढलेले आढळले, हजारामागे २३.९ च्या जागी २७.४. संसर्गाची शंका असलेल्या मातांचे प्रमाणही वाढले होते. पुढे २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या चाचणीने दाखवून दिले की सोनोग्राफीने दिवस नक्की केलेल्या आणि नवजात बाळाच्या काळजीची सोय असलेल्या रुग्णालयांत तेच इंजेक्शन खरोखर बाळे वाचवते. म्हणजे औषध तेच. फरक पडला तो ते कुठे, कोणाला आणि कोणत्या सोयींसह दिले यामुळे.

या चाचणीत कोणी वाईट हेतूने वागले असे कोणी म्हणू शकत नाही, आणि ती झाली नसती तर हे अपायकारक धोरण अनेक देशांत सरसकट लागू झाले असते. माझा मुद्दा त्याहून साधा आणि अधिक गंभीर आहे. सर्वांना भलेच वाटणारे औषध, उत्तम संस्था, सरकारी पैसा, सदिच्छा हे सगळे असूनही ज्या परिसरात ते औषध दिले जाते तिथली बाळे अधिक संख्येने दगावू शकतात. म्हणून संशोधकांच्या सदिच्छेवर विसंबून राहणारे संरक्षण हे संरक्षणच नव्हे. आणि जिथे चिठ्ठी गावाच्या नावाने निघते, तिथे संमती कोणाची घ्यायची? गावाची संमती सरपंच देऊ शकत नाही. गर्भ गावाच्या नव्हे, बाईच्या पोटात असतो.

अमेरिकेच्या संघराज्य नियमावलीत याबाबत एक स्वतंत्र प्रकरण आहे. १९७५ साली आलेले आणि २००१ साली सुधारलेले हे प्रकरण गर्भवती, गर्भ आणि नवजात बालक यांच्यावरील सरकारी अनुदानाच्या संशोधनाला लागू होते. आधी गाभण प्राण्यांवर आणि गर्भवती नसलेल्या स्त्रियांवर शक्य तेवढे अभ्यास झालेले असले पाहिजेत. ज्या संशोधनातून आईला वा गर्भाला थेट लाभाची शक्यता नाही, तिथे गर्भाला किरकोळाहून अधिक जोखीम असता कामा नये. गर्भपातासाठी पैशाचे वा अन्य कसलेही आमिष दाखवता येत नाही. गर्भपात केव्हा आणि कसा करायचा किंवा जन्मलेले बाळ जगण्याजोगे आहे की नाही, हे ठरवण्यात संशोधन करणाऱ्यांचा सहभाग असू शकत नाही. हा शेवटचा नियम मला फार महत्त्वाचा वाटतो. ज्याला आपल्या अभ्यासासाठी आकडा हवा आहे, त्याच्या हाती बाळाच्या जगण्याचा निवाडा असू नये, एवढे शहाणपण त्यात आहे.

एनआयएचच्या पैशाबरोबर ही बंधने बेळगावपर्यंत येतात. पण या नियमांत एक मोठी उणीव आहे. संशोधनामुळे इजा झाली तर भरपाई मिळालीच पाहिजे, असे ते कुठेही म्हणत नाहीत. भरपाई मिळणार आहे की नाही एवढे सहभागी व्यक्तीला सांगितले की अट पुरी होते. शिवाय ज्या संशोधनाचा लाभ केवळ गर्भाला होणार आहे, त्यासाठी तिथे काही अपवाद वगळता बापाचीही संमती लागते. ही तरतूद आपण उचलू नये. आपल्या १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्याने सज्ञान स्त्रीच्या बाबतीत फक्त तिचीच संमती आवश्यक मानली आहे, आणि समीरा कोहली प्रकरणात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान, शुद्धीवर येऊ शकणाऱ्या स्त्रीऐवजी तिच्या आईने दिलेली संमती ग्राह्य धरली नाही. जिथे ‘घरात विचारून सांगते’ हे वाक्य सासूच्या आणि नवऱ्याच्या होकाराची वाट पाहणारे असते, तिथे दुसऱ्या सहीला कायद्याचे बळ देणे म्हणजे पहिल्या सहीचे मोल कमी करणे होय. नवऱ्याशी बोलावे, त्याला समजावून सांगावे. निर्णय मात्र तिचा असावा.

भारताची स्थिती बरोबर उलटी आहे. २०१९ च्या नवीन औषधे व क्लिनिकल चाचणी नियमांनी भरपाईची बाजू बऱ्यापैकी पक्की केली. चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार, मृत्यू वा अपंगत्व आल्यास ठरलेल्या सूत्रानुसार भरपाई आणि, विशेष म्हणजे, आईबापांपैकी कोणाच्या सहभागामुळे पोटातल्या बाळाला झालेली इजासुद्धा भरपाईस पात्र, असे त्यात स्पष्ट लिहिलेले आहे. हे मोठे पाऊल होते आणि त्यामागे स्वास्थ्य अधिकार मंच या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयात झालेल्या सुनावण्यांचा रेटा होता. पण ही कायदेशीर हमी नव्या औषधाच्या किंवा लशीच्या चाचणीपुरती आहे. जुन्याच औषधाची नवी मात्रा तपासणारी शैक्षणिक चाचणी असेल तर केंद्रीय परवाना प्राधिकरणाची परवानगी लागत नाही. संशोधन तपासणाऱ्या नैतिकता समितीची मान्यता पुरते. लोहाच्या गोळ्या बऱ्या की इंजेक्शन, नाळ लगेच कापावी की थोड्या वेळाने, आशा कार्यकर्तीने घरभेटी किती द्याव्यात, असे जे प्रश्न सरकारी आरोग्य यंत्रणेतून तपासले जातात, त्यांत ‘नवे औषध’ बहुधा नसतेच. तिथे आधार उरतो तो भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांचा. तत्त्वे चांगली आहेत. भरपाईचीही अपेक्षा त्यांत आहे. पण न्यायालयात उभे राहून ज्याच्या आधारे रक्कम मागता येईल असे सूत्र तिथे नाही.

म्हणजे आपले संरक्षण औषधाच्या नवेपणाला बांधलेले आहे. मात्रा जुनी असो वा नवी, बाळाला झालेली इजा तेवढीच खरी असते. सरकारच्या पैशातून, सरकारी यंत्रणेतून किंवा सरकारच्या परवानगीने आलेल्या परदेशी निधीतून जे जे संशोधन गर्भवतीवर वा नवजात बालकावर होते, त्या सर्वाला एकच कायदेशीर चौकट लागू झाली पाहिजे, आणि तिच्यात अमेरिकी नियमांतली आधीची बंधने व आपल्या नियमांतली नंतरची भरपाई एकत्र आली पाहिजे. २०२५ च्या मे महिन्यात एनआयएचने परदेशी संस्थांना अमेरिकी संस्थांमार्फत उपअनुदान देण्याची जुनी पद्धत थांबवली. परदेशी पैशाबरोबर येणारी बंधनेही त्या पैशाइतकीच अनिश्चित असतात, हे यातून ध्यानात यावे.

कठोर नियमांमुळे संशोधनच बंद पडेल, हा आक्षेप मी हलका मानत नाही. २०१३ साली भरपाईचे नियम घाईने आणि संदिग्ध शब्दांत आले तेव्हा एनआयएचने भारतातल्या अनेक चाचण्यांचे काम थांबवले होते. पण तेव्हा अडचण भरपाई देण्याची नव्हती. कोणत्या इजेसाठी आणि किती काळ जबाबदार राहायचे, याचा पत्ता लागत नव्हता ही होती. शब्द स्पष्ट असतील तर संस्थेला विमा काढता येतो, खर्च आधी मांडता येतो.

चौकशी कोणी करायची, हाही प्रश्न आहे. अमेरिकेत २००५ ते २००९ या काळात सरकारी अनुदानातून १,३१६ अतिअपुऱ्या दिवसांच्या बाळांवर ऑक्सिजनच्या पातळीचा अभ्यास झाला. मार्च २०१३ मध्ये तिथल्या संशोधन-संरक्षण कार्यालयाने जाहीर पत्र लिहून सांगितले की अंधत्व आणि मृत्यू यांच्या शक्यतेची पुरेशी कल्पना संमतीपत्रांत आईबापांना दिलेली नव्हती. त्यावर पुष्कळ वाद झाला, नामवंत संशोधक अभ्यासाच्या बाजूने उभे राहिले. पण प्रश्न सरकारी कार्यालयाने विचारला आणि उघडपणे विचारला. आपल्याकडे तेव्हाच्या आंध्रातील खम्मम आणि गुजरातेतील वडोदरा येथे २००९-१० मध्ये मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून बचाव करणारी एचपीव्ही लस देणाऱ्या प्रकल्पात वसतिगृहांच्या अधीक्षकांनी मुलींच्या वतीने सह्या केल्याचे उघड झाले ते कार्यकर्त्यांच्या पाठपुराव्यामुळे, आणि संसदीय समितीचा अहवाल आला तो २०१३ साली. नैतिकता समितीतले निम्मे सदस्य संस्थेबाहेरचे असावेत असा नियम आता आहे आणि तो चांगला आहे. पण संशोधन करणाऱ्या संस्थेनेच नेमलेल्या समितीवरच सगळा भार टाकण्यापेक्षा जिल्हा पातळीवर तक्रार नोंदवून घेणारा, संस्थेशी संबंध नसलेला एक अधिकारी असणे अधिक आवश्यक आहे.

आता सीमाभागाच्या खास अडचणीकडे येतो. संमती देणाऱ्याला कळेल अशा, तांत्रिक नसलेल्या भाषेत माहिती दिली पाहिजे, असे २०१९ चे नियम सांगतात. खानापूर, बेळगाव, निपाणी या तालुक्यांतल्या असंख्य मुली मराठी शाळेत शिकतात, लग्नानंतरही त्याच पट्ट्यात राहतात, आणि गरोदरपणी आरोग्य केंद्रात जातात तेव्हा तिथले फलक, तायी कार्डावरचा (गर्भवतीला मिळणाऱ्या आरोग्य नोंदीच्या कार्डावरचा) मजकूर आणि छापील सूचना त्यांना कन्नडमध्ये भेटतात. बाजारापुरते, शेजाऱ्यापाजाऱ्यांपुरते कन्नड आपल्यापैकी पुष्कळांना येते. पण ‘यादृच्छिक विभागणी’, ‘प्लासिबो’, ‘कधीही माघार घेण्याचा हक्क’ हे मुद्दे बोलीपुरत्या भाषेत वाचून कळत नाहीत, आणि जे कळले नाही त्यावर केलेली सही ही संमती नसते. कळण्याजोगी भाषा कोणती, हे संस्थेने किंवा सरकारी आदेशाने ठरवू नये. नोंदणीच्या वेळी तिला विचारावे आणि तिचे उत्तर लिहून ठेवावे. खानापूरच्या पश्चिमेकडच्या गावांत मराठी कोकणीकडे झुकते. पुण्याच्या छापील मराठीतले संमतीपत्र तिथे तसेच्या तसे चालणार नाही, याचाही विचार व्हावा.

ही मागणी सीमावादाचे दुसरे टोक आहे असे कोणी समजू नये. गडहिंग्लज किंवा जत भागातल्या कन्नड बोलणाऱ्या गर्भवतीला महाराष्ट्रात नेमका हाच हक्क असला पाहिजे, आणि बेळगावच्या उर्दू बोलणाऱ्या मोहल्ल्यांतल्या स्त्रियांनाही. ज्या जिल्ह्यात किंवा तालुक्यात एखाद्या भाषिक अल्पसंख्याक गटाचे प्रमाण १५ टक्के किंवा त्याहून अधिक आहे, तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्या भाषेत द्याव्यात, हे भाषिक अल्पसंख्याकांसाठीच्या संरक्षक तरतुदींत फार पूर्वीच मान्य झालेले आहे. सार्वजनिक आरोग्य हा राज्यसूचीतला विषय आहे. तेव्हा केंद्राच्या कायद्याची वाट न पाहता कर्नाटक सरकार एका परिपत्रकाने हे आजच लागू करू शकते.

संमती घेणारी व्यक्ती आणि संमती घेण्याची वेळ यांनाही तेवढेच महत्त्व आहे. गावात आशाताईचा शब्द मोलाचा असतो. लसीकरणाला तीच बोलावते, जननी सुरक्षा योजनेच्या पैशांचे कागद तीच भरून घेते, रात्रीबेरात्री १०८ ला फोन तीच लावते. अशा आशाताईने ‘इथे सही करा’ म्हटले तर नाही म्हणण्याची हिंमत किती जणींना होईल? नकार दिला तर उद्या तपासणीला गेल्यावर वागणूक बदलेल, ही भीती बोलून दाखवली जात नाही म्हणून ती नसते असे नाही. म्हणून ओळख करून देण्याचे काम आशाताईने करावे, पण संमती घेण्याचे काम तिच्याकडे किंवा उपचार करणाऱ्या परिचारिकेकडे असू नये, आणि नावनोंदणीच्या आकड्यावर त्या दोघींचे मानधन अवलंबून असू नये. प्रसूतीच्या काळात ज्याची गरज पडेल अशा संशोधनाची माहिती सातव्या-आठव्या महिन्यात, शांतपणे, विचार करायला काही दिवस देऊन सांगितली गेली पाहिजे. कळा सुरू झाल्यावर पुढे केलेल्या कागदावर बाई कशावरही सही करेल.

शेवटचा मुद्दा बाळंतपणाच्या रिवाजाचा आहे. पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी जाते, आणि आपल्या पट्ट्यात माहेर पुष्कळदा दुसऱ्या राज्यात असते. खानापूरची सून चंदगडला जाते, निपाणीची कागलला, आणि तिकडच्या मुली इकडे येतात. सातव्या महिन्यात एका राज्यात संशोधनात सामील झालेली स्त्री नवव्या महिन्यात दुसऱ्या राज्यातल्या ज्या डॉक्टरसमोर असते, त्याला तिने कोणते औषध घेतले याचा पत्ताच नसतो. बाळाला काही झाले तर इकडची संस्था म्हणते की बाळंतपण आमच्या देखरेखीखाली झाले नाही, आणि तिकडचे रुग्णालय म्हणते की चाचणी आमची नव्हती, अशी वेळ सहज येऊ शकते. २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने सीमाभागातील ८६५ गावांना आपली आरोग्य विमा योजना लागू केली आणि कर्नाटकाने तिला हरकत घेतली. त्या सगळ्या ओढाताणीत या प्रश्नाचा उल्लेखही कुठे झाला नाही. कायद्याने इथे स्पष्ट सांगावे की सहभागी स्त्री कोणत्याही राज्यात बाळंत झाली तरी आई आणि बाळ या दोघांच्या इजेची जबाबदारी, उपचार आणि भरपाई संशोधन करणाऱ्या संस्थेकडेच राहील; बाळाच्या वाढीत पुढे दिसणाऱ्या दोषांसाठी दावा करण्याची मुदत जन्मापासून नव्हे, तर दोष लक्षात आल्यापासून मोजली जाईल; आणि तिच्या भाषेतल्या संमतीपत्राची प्रत, घेतलेल्या औषधाचे नाव, मात्रा, तारीख आणि दोन्ही राज्यांतून चालणारा दूरध्वनी क्रमांक तायी कार्डाला जोडून तिच्या हाती दिल्याशिवाय तिची नावनोंदणी पूर्ण झाली असे मानले जाणार नाही.